दस्तक, जोखीम आणि विमा : साष्टीतील प्रवाशाच्या प्रतीक्षेचा इतिहास

१

परदेशी जाण्याच्या तयारीत असलेल्या मुंबईच्या उपनगरवासीयाच्या बोलण्यात आज दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. ‘व्हिसाला टाकला आहे’ हे एक, आणि ‘पासपोर्ट तिकडे अडकला आहे’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात कर्म बोलून दाखविलेले नाही आणि दुसऱ्यात कर्ता कोण ते सांगितलेले नाही. अर्ज कोणी टाकला हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. पासपोर्ट कोणी अडकविला हे मात्र बोलणाऱ्यासही नीट सांगता येत नाही. या दोन वाक्यांच्या दरम्यान जो काळ जातो, कधी पंधरा दिवस, कधी पंधरा महिने, त्या काळाला मराठीत स्वतंत्र नाव नाही. नाव नसलेल्या गोष्टीची जबाबदारीही बहुधा कोणाच्या शिरावर नसते. भाषेच्या अभ्यासकाला या विषयाकडे वळावेसे वाटले ते या कारणाने.

प्रवासासाठी दोन गोष्टी लागतात. एक परवानगी आणि दुसरी संकटप्रसंगी आधार. पहिलीसाठी मराठीत दस्तक, परवाना, रहदारी, पासपोर्ट, पारपत्र, व्हिसा अशी शब्दांची एक माळ आहे. दुसरीसाठी जामीन, हमी, जोखीम, विमा अशी दुसरी माळ आहे. या दोन माळा निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लोकांच्या व्यवहारांतून तयार झाल्या. पहिली दरबार आणि ठाणी यांच्यातून आली, दुसरी पेढी आणि बंदर यांच्यातून. अलीकडच्या काळात त्यांची गाठ पडली आणि परवानगी हवी असेल तर आधी विमा दाखवा, असा नियम झाला. परंतु ती गाठ बांधताना मधला प्रतीक्षेचा काळ दोहोंच्या बाहेर राहिला. हे कसे घडले याचा मागोवा, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसली आहेत त्याच्या संदर्भात घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

साष्टी हे काही काळ सरहद्दीचे बेट होते, याचा आज आपल्याला विसर पडला आहे. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. इंग्रजांनी १६६५ मध्ये मुंबई बेटाचा ताबा घेतला, तेव्हा माहीमची खाडी ही दोन राज्यांमधील सीमा ठरली. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली; खाडीच्या उत्तरेचे राज्य बदलले, परंतु सीमा तीच राहिली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आजच्या कुर्ल्याहून आजच्या शीवला जाणे हे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. ‘शीव’ हे गावाचे नावच मुळी सीमा या अर्थाचे आहे. इंग्रजांनी सतराव्या शतकात तेथे टेकडीवर किल्ला बांधला तो याच सीमेवर नजर ठेवण्यासाठी. आज आगगाडीतून शीव ओलांडणाऱ्या घाटकोपरच्या प्रवाशाला आपण रोज दोनदा एक जुनी सरहद्द ओलांडतो, याची जाणीव नसते. नाव मात्र ती आठवण सांभाळून आहे.

सीमा आली की नाके, जकात आणि परवानगीचा कागद ही ओघानेच येतात. अठराव्या शतकातील मराठी व्यवहारात या कागदाला ‘दस्तक’ म्हणत. फारसीत दस्त म्हणजे हात. दस्तक हा हाती बाळगण्याचा कागद. हाच शब्द हिंदीत दारावरची थाप या अर्थाने रूढ झाला. दाराबाहेर उभे राहून आत घेण्याची विनंती करणे आणि हातातला कागद दाखवून पुढे जाऊ देण्याची विनंती करणे, या दोन क्रियांना एकच नाव मिळावे हे अर्थपूर्ण आहे. समुद्रावरही हीच पद्धत होती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रातील जहाजांना आपला परवाना घेण्यास भाग पाडले. त्याला ते कर्ताझ म्हणत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक चालविले आणि ते न घेणाऱ्या जहाजांना अटकाव केला. परवानगी देण्याचा अधिकार म्हणजे सत्ता. हे समीकरण या काळात पक्के झाले.

दुसरा शब्द अधिक बोधक आहे. तो म्हणजे ‘रहदारी’. फारसीतील राहदारी म्हणजे रस्त्याची राखण आणि त्या राखणीबद्दल घेतलेला कर. त्यावरून मार्गावरून जाण्याचा परवाना असाही अर्थ त्याला आला. रस्त्यावर जो कर घेतो त्याने रस्त्यावरील प्रवाशाचे रक्षणही करावे, ही कल्पना या शब्दाच्या पोटी आहे. म्हणजे परवानगी आणि संरक्षण या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदत होत्या. पुढे कर गेला, राखण गेली आणि मराठीत शब्दाचा अर्थ केवळ ‘वाहनांची व माणसांची ये-जा’ एवढाच उरला. पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी जी रहदारी तुंबते तिच्या नावात प्रवाशाच्या संरक्षणाचे जुने वचन दडलेले आहे, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. अर्थसंकोचाचे आणि अर्थांतराचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१८०५ च्या सुमारास शीव-कुर्ला आणि १८४५ मध्ये माहीम-वांद्रे या दोन बांधरस्त्यांनी साष्टी मुंबईला जोडली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी तिच्या पूर्व भागातून धावू लागली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत महापालिकेची हद्द वाढली. जुनी सरहद्द शीववरून सरकत मुलुंडच्या नाक्यावर गेली आणि तेथील जकात २०१७ मध्ये बंद झाली. भूमीवरील नाके असे एकामागून एक उठत गेले. परंतु उपनगरांच्या मध्यभागी, अंधेरीच्या विमानतळावर, एक नवा नाका उभा राहिला होता. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३

आता दुसऱ्या माळेकडे वळू. ‘जोखीम’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. संस्कृत योगक्षेम, प्राकृत जोगक्खेम, या परंपरेतून तो आला असे एक मत आहे आणि ते ध्वनिदृष्ट्या सहज पटण्यासारखे आहे. ते स्वीकारले तर शब्दाच्या अर्थाने अगदी उलट दिशेला प्रवास केला असे म्हणावे लागेल. मिळविणे आणि मिळविलेले सांभाळणे हा योगक्षेमाचा अर्थ. सांभाळण्याची वस्तू सांभाळताना जे भय असते तो जोखमीचा अर्थ. दागिना अंगावर घालून प्रवास करणाऱ्या स्त्रीला आपण ‘अंगावर जोखीम आहे, जपून जा’ असे म्हणतो. येथे जोखीम म्हणजे संकट नव्हे, तर मौल्यवान वस्तूच होय. सांभाळ आणि धोका यांची सीमारेषा या प्रयोगात पुसट आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेतील योगक्षेमाच्या वचनावरून घेतले आणि मुंबईतील मुख्य कचेरीलाही तेच नाव दिले. व्युत्पत्तीचे वरील मत ग्राह्य धरले तर जोखीम शब्दाचे मूळ रूप जोखीम वाहणाऱ्या संस्थेच्या कपाळी यावे, हा योगायोग मोठा नामी आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार रूढ होता. व्यापारी आपला माल जहाजावर चढवी आणि तो जेथे पोहोचावयाचा तेथील आडत्यावर हुंडी लिही. सराफ ती विकत घेऊन व्यापाऱ्याला पैसे तेथल्या तेथे देई, मात्र जोखमीबद्दल काही रक्कम कापून घेई. माल सुखरूप पोहोचला तर हुंडी पटे. जहाज बुडाले तर आडत्यावर पैसे देण्याचे बंधन राहत नसे आणि नुकसान हुंडीधारकाचे होई. कर्ज, हुंडणावळ आणि विमा या तिन्ही गोष्टी या एका कागदात गुंफल्या होत्या. विमा कंपन्या या देशात येण्यापूर्वी विम्याची कल्पना आमच्या पेढ्यांना पूर्णपणे अवगत होती, यास हा पुरावा पुरेसा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जोखमी हुंडीतील जोखीम माल जहाजावर चढल्यानंतर सुरू होई आणि उतरला की संपे. धक्क्यावर पडून असलेल्या मालाची काळजी ज्याची त्याने करावयाची असे.

‘विमा’ हा शब्द हिंदुस्थानी बीमा या रूपाने आपल्याकडे आला. फारसीत बीम म्हणजे भय. त्याच्याशी या शब्दाचा संबंध सामान्यतः जोडला जातो. हिंदीतील बिजली, बाट, बीस यांच्यासमोर मराठीत वीज, वाट, वीस अशी रूपे आहेत. त्या साम्यानेच बहुधा मराठीने बीमाचा विमा केला. परंतु शब्दापेक्षा त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अधिक लक्षणीय आहे. हिंदीत विमा ‘करतात’. मराठीत तो ‘उतरवतात’. उतरविले जाते ते ओझे. डोक्यावरचा भारा दुसऱ्याच्या मदतीने खाली उतरवावा, तसे भयाचे ओझे उतरवून ठेवावयाचे, असा या वाक्प्रचाराचा भाव आपल्या मनात उमटतो. मात्र ओझे उतरवावयाचे तर ते कोणीतरी हाती घ्यावे लागते. तो हात कोणत्या क्षणी पुढे येतो, हाच या लेखातील कळीचा प्रश्न आहे.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक काळ असा होता की, परवानगीची माळ जवळजवळ गळून पडली होती. मुलुंडपलीकडच्या कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांना पासपोर्ट वा व्हिसा यांसाठी कोणत्याही कचेरीपुढे ताटकळावे लागले नाही. त्यांची प्रतीक्षा होती ती पैशाची, सोबतीची आणि समाजाच्या संमतीची. त्या वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात आपण अमेरिकेस का जातो हे त्यांना सांगावे लागले, ते सरकारला नव्हे तर स्वकीयांना. त्या काळी दस्तक होते ते जातीचे आणि समुद्रगमनाच्या निषेधाचे. आणि ते नाकारण्याचे अधिकारही दूरवर पसरलेले होते.

परवानगीचा जाच नव्हता, तसा आधारही संस्थात्मक नव्हता. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाचे घर, मिशनरी स्त्रियांची सोबत आणि पती गोपाळराव यांची पत्रे, एवढाच त्यांचा विमा. फिलाडेल्फियाच्या हवेत प्रकृती ढासळली तेव्हा उपचाराचा खर्च कोणत्याही कराराने कोणावर बांधलेला नव्हता. १८८६ च्या मार्चमध्ये त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या, नोव्हेंबरात मुंबईस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. बावीस वर्षेही पुरी न झालेल्या त्या आयुष्याचा शेवट कोणत्याही विम्याने टळला असता असे नाही. तथापि आजारी विद्यार्थिनीला परत पाठविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारीतही नव्हते, हे नोंदविले पाहिजे. सामानाचा विमा होता, जहाजाचा विमा होता. प्रवाशाच्या देहाचा विचार नुकता सुरू होत होता. लंडनमध्ये आगगाडीच्या उतारूंना अपघाताचा विमा १८४९ पासून मिळू लागला होता, परंतु त्याची व्याप्ती गाडीच्या डब्यापुरती होती.

दुसरे उदाहरण पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. ते एका जहाजाने निघाले आणि त्यांचा ग्रंथसंग्रह व सामान दुसऱ्या जहाजाने. सामानाचे ते जहाज पाणतीराने बुडाले. त्यांचे पुस्तकांवरील प्रेम ज्यांना ठाऊक आहे त्यांना या हानीची कल्पना सहज येईल. मात्र सामानाबद्दल थॉमस कुक कंपनीकडून त्यांना भरपाई मिळाली आणि नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्याला जाण्याच्या वेळी तीच रक्कम उपयोगी पडली. मराठी माणसाच्या परदेशप्रवासात प्रवासविम्याची भरपाई प्रत्यक्ष कामास आल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. यातही जोखमी हुंडीचेच तत्त्व दिसते. जहाजावर चढलेल्या वस्तूची भरपाई मिळाली. शिष्यवृत्ती संपल्याने मोडलेल्या अभ्यासाची भरपाई करणारा विमा नव्हता. ते काम त्यांनी स्वतः केले. १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला.

५

१९१४ ते १९१८ च्या युद्धाने परवानगीची माळ पुन्हा गळ्यात घातली. युद्धापुरता म्हणून आलेला पासपोर्ट युद्धानंतर गेला नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसमध्ये भरलेल्या परिषदेने त्याला पुस्तिकेचा ठराविक आकार सुचविला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टविषयक कायदा झाला. व्हिसा हा शब्द लॅटिनमधील ‘पाहिलेला’ या अर्थाच्या रूपावरून आला आहे. कागद पाहिला, एवढाच त्याचा मूळ आशय. पाहण्यास क्षणभर पुरतो. पाहण्याच्या क्रियेला महिने लागू लागले तेव्हा शब्द तोच राहिला, परंतु त्याच्या पोटातील काळ वाढला.

स्वतंत्र भारतात परदेशी जाण्याच्या हक्काला न्यायालयाने आकार दिला. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. पासपोर्ट देणे वा न देणे हे केवळ सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही असे ठरल्यामुळे त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा करावा लागला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक विस्तारले. तथापि या कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे नागरिक ज्या कागदावर प्रवास करतो तो कागद त्याचा नसतो, आणि व्हिसासाठी तो ज्या परकीय कचेरीत देतो तिचाही नसतो. मालक एक, बाळगणारा दुसरा, ठेवून घेणारा तिसरा. आणि या तिघांपैकी ज्याला तातडीने जावयाचे असते तो मधला.

याच काळात प्रवासाचे केंद्र बंदराकडून उपनगरांकडे सरकले. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांचे टपाल-विमान कराचीहून जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. पुढे अंधेरीजवळ सहार येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. अमेरिकेचा वाणिज्य दूतावासही ब्रीच कँडी सोडून २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आला आणि पासपोर्ट कचेरीला त्याच संकुलात नवी वास्तू मिळाली. मिठी नदीच्या काठी, जुन्या सरहद्दीच्या अगदी लगत, नव्या युगाचे नाके पुन्हा एकवटले. विमानप्रवासातील दायित्वाचा कायदा १९२९ च्या वॉर्सा करारातून आला. त्याने प्रवाशाच्या मृत्यूबद्दल किंवा दुखापतीबद्दल सव्वा लाख फ्रँकांची मर्यादा घातली, आणि दायित्व विमानात चढण्यापासून उतरण्यापर्यंतच्या काळापुरते ठेवले. १९५० मध्ये आणि पुन्हा १९६६ मध्ये, होमी भाभा ज्यात होते तो अपघात धरून, एअर इंडियाची दोन विमाने माँ ब्लाँ पर्वतावर कोसळली. अशा प्रसंगांसाठी ही तरतूद होती. पेढीवरचा सराफ आणि वॉर्साचे कायदेपंडित यांची भाषा निराळी. जोखमीच्या आरंभाविषयी मात्र दोघांचे मत एकच.

६

१९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेलेल्या पिढीचे आईवडील दोन-तीन दशकांनी मुलांकडे जाऊ लागले. पार्ले, मुलुंड, बोरिवली येथील गृहनिर्माण संस्थांतून हिवाळा संपला की बंद घरे दिसू लागली. सरकारी विमा कंपन्यांनी १९८० च्या दशकात परदेशातील आजारपणासाठी स्वतंत्र पॉलिसी काढली, ती या वर्गाला उपयोगी पडली. २००३ मध्ये आखाती आणि अन्य देशांत मजुरीसाठी जाणाऱ्यांकरिता प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची झाली. २००४ मध्ये युरोपातील शेंगेन देशांनी किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय व्हिसा न देण्याचा नियम केला. २०१० पासून लागू झालेल्या संहितेत तो कायम राहिला. आजारपण, तातडीचे रुग्णालयीन उपचार, मायदेशी परत आणणे आणि मृत्यू एवढ्या गोष्टी त्या विम्यात याव्या लागतात. अशा रीतीने दोन माळांची गाठ पडली. विमा हा प्रवाशाचा आधार होता. आता तो प्रवेशाचा पुरावाही झाला.

या गाठीतून जी अडचण निर्माण झाली ती अशी. विमा अर्जाबरोबर दाखवावा लागतो, म्हणून तो आधी घेतला जातो. परंतु तो लागू होतो प्रवास सुरू झाल्यावर. शेंगेनच्या नियमाने निर्णयास सर्वसाधारणपणे १५ दिवस आणि विशेष प्रसंगी ४५ दिवस लागू शकतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी २०२२ च्या अखेरीस मुंबईत पाचशे दिवसांहून अधिक प्रतीक्षा होती. या काळात अर्जदार आजारी पडला तर प्रवासाची पॉलिसी मुकी राहते, कारण प्रवास सुरू झालेला नाही. परदेशातील आप्त अत्यवस्थ झाला तर पासपोर्ट हाती नाही. तो मागावा तर पुष्कळदा अर्ज मागे घ्यावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक कंपन्या किरकोळ आकार कापून हप्ता परत देतात, परंतु तिकिटाचे आणि मुक्कामाचे पैसे त्यासाठी खास कलम घेतले नसेल तर बुडतात. प्रवास रद्द झाल्याची भरपाई देणारी कलमे असतात. पण त्यांत कोणती कारणे बसतात हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि आधीपासून असलेले आजार बहुधा त्यांतून वगळलेले असतात.

हा मुद्दा प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई जर्मनीला निघाली होती. मुलुंडच्या घरी मेतकूट, डिंक आणि आळीव बांधून तयार होते. पासपोर्ट व्हिसासाठी दिलेला होता आणि विमाही उतरविलेला होता. नवव्या दिवशी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. विमा कचेरीतील माणूस सौजन्याने बोलला आणि त्याचे म्हणणे बरोबरही होते : प्रवासाचा आरंभ झालेला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी पासपोर्ट घरी आला. त्यात व्हिसा होता आणि त्यावरच्या तारखा त्या महिन्याच्या होत्या. तिकडे बहिणीला आपली आई का येत नाही हे कळू न देण्यासाठी आम्ही चार दिवस ‘व्हिसा अजून अडकला आहे’ असेच सांगत राहिलो. ‘अडकणे’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही ही त्याची सोय त्या वेळी उमगली. आळिवाची पुडी शेवटी एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर गेली.

हे दुःख मोठे नव्हे. त्याच काळाच्या मोठ्या दुःखांपुढे तर नाहीच. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे भारताने व्हिसे स्थगित केले, दूतावासांचे नेहमीचे कामकाज थांबले आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली. सुटीसाठी वा आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी आलेले कित्येक नोकरदार व्हिसाच्या शिक्क्याअभावी इकडे राहिले आणि त्यांची मुले वा जोडीदार तिकडे. अंत्यसंस्कार पडद्यावर पाहावे लागले अशी घरे उपनगरांतील बहुतेक प्रत्येक वसाहतीत आहेत. मे महिन्यात वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली. पण जेथे परवानगीच गोठली होती तेथे विमान असूनही उपयोग नव्हता, आणि विमाही नव्हता, कारण प्रवास सुरू झालेला नव्हता.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. जोखमी हुंडीपासून आजच्या पॉलिसीपर्यंत जोखीम घेणाऱ्याने आपले दायित्व निघण्याच्या क्षणापासून मोजले आहे. हे त्या काळी न्याय्य होते, कारण निघण्याची वेळ प्रवासी वा व्यापारी स्वतः ठरवीत असे. धक्क्यावर थांबणे त्याच्या इच्छेवर होते. परवानगीसाठी थांबणे त्याच्या इच्छेवर नाही. ज्या व्यवस्थेने विमा हा परवानगीचा भाग केला, तिने परवानगीचा काळ विम्याचा भाग करावा, निदान कागद ठेवून घेतलेला असताना तातडीच्या प्रसंगी तो अर्ज न मोडता परत मिळण्याची सोय सर्वत्र असावी, ही मागणी तर्काला धरून आहे. काही दूतावासांत आजारपण वा मृत्यू अशा प्रसंगी मुलाखत लवकर देण्याची सोय आहे. तिचा विस्तार होणे अशक्य नाही. तोपर्यंत अर्जदाराने घरगुती आरोग्यविमा खंडित होऊ न देणे, तिकीट परताव्याच्या अटीवर घेणे आणि पॉलिसीतील आरंभाची तारीख व रद्दतेची कारणे आधी वाचणे, एवढेच त्याच्या हाती आहे.

भाषेच्या अभ्यासकाचे काम याहून लहान आहे. दस्तक आणि रहदारी यांच्या वाटचालीत आपण पाहिले की, शब्दातून अर्थ निसटला की त्याबरोबर आलेले दायित्वही निसटते. उलट शब्द मिळाला तर दायित्व मागता येते. या मधल्या काळातील धोक्याला ‘प्रतीक्षाजोखीम’ असे नाव द्यावे अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. शब्द संस्कृतप्रचुर असला तरी त्याचे दोन्ही घटक घरोघर समजतात.

शेवटी उपनगरवासीयाच्या नित्याच्या प्रवासाकडे पाहावे. अंधेरी वा मुलुंडच्या फलाटावर ‘पास’ म्हणजे मासिक तिकीट. पासपोर्टच्या पूर्वपदाचाच हा सोदर शब्द. २०१६ मध्ये रेल्वेने ९२ पैशांत १० लाख रुपयांपर्यंतचा ऐच्छिक प्रवासविमा सुरू केला तेव्हा उपनगरी गाड्या त्यातून वगळल्या होत्या. अपघात झाल्यास त्या प्रवाशाला रेल्वेच्या कायद्याखाली दावा करता येतो, हे खरे; पण रोज धोका पत्करणाऱ्याला विम्याच्या दारात स्थान नाही, हा अनुभव साष्टीच्या रहिवाशाला नवा नाही. तो पूर्वी शीवच्या नाक्यावर थांबत होता, आज वांद्र्याच्या संकुलात थांबतो. एवढ्या काळात कागदाची नावे पुष्कळ बदलली. थांबणाऱ्याचे ओझे कोणी उतरवून घ्यावे, हे मात्र अद्याप कोणत्याच कागदावर लिहिलेले नाही.